गिअरचे तेल खाली

मागच्या वेळी तुमच्याकडे आले होते, तेव्हा डोंगरातल्या रस्त्यावर मी डोळे मिटून बसले होते. आजी झोपली, असे तुम्ही दोघांनी आईला सांगितलेत. मी झोपले नव्हते, गाडीचा आवाज ऐकत होते. इंजिनचा आवाज चढला की गाडीचा वेगही तितकाच चढतो ना, एवढेच ऐकत असते मी चढावर. ही सवय कशी लागली ते क्रमाने लिहून ठेवते.

ऐंशीच्या दशकात आमची बदली जयपूरला झाली. तुमचे आजोबा केंद्र सरकारच्या पाण्याच्या खात्यात होते. जमिनीच्या पोटात पाणी कुठे आहे ते शोधत त्यांना गावोगाव फिरावे लागे. एका जुन्या अपघातापासून त्यांचा डावा गुडघा वाकत नसे, त्यामुळे क्लच दाबणे जमत नव्हते. तुमच्याकडे परदेशात बहुतेक गाड्या बिनक्लचच्या असतात, पण तेव्हा आपल्याकडे तशी गाडी शोधूनही सापडत नसे. एक परदेशी प्रकल्प काम आटोपून परत गेला, त्यांची जुनी फोर-व्हील ड्राइव्ह आम्ही लिलावात घेतली. उंच, मातकट पांढरी, ऑटोमॅटिक गिअरची. मीही गाडी चालवायला तिच्यावरच शिकले.

जयपूरच्या मालवीय नगरातल्या आमच्या दारात ती उभी असली की शेजारी वाकून आत बघत. एकाने विचारले होते, "साहबजी, इसका तीसरा पैडल कौन ले गया?"

"जो मेरा घुटना ले गया, वही," आजोबा म्हणाले.

आम्हाला तिथे जेमतेम चार महिने झाले होते तेव्हा गाडी आतून घसरू लागली. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडे, गाडी मात्र क्षणभर होती तिथेच राही, मग धक्का देऊन पुढे जाई. सपाट रस्त्यावर ते नुसते चमत्कारिक वाटे. पण येत्या सोमवारी आजोबा अरवलीच्या डोंगरात दहा दिवसांच्या दौऱ्यावर निघणार होते, एकटे. चढावर, एका बाजूला दरी असताना, तो क्षण लांबला तर? रात्री जेवताना मी हे बोलले. ते म्हणाले, "अगं, म्हातारी झालीय गाडी, कुरकुरणारच."

आजोबा पुस्तकातली चित्रे बघत आणि मी मजकूर वाचत असे. गाडीबरोबर आलेले जाड इंग्रजी पुस्तक मी दोन दुपारी बसून वाचले. त्यातून कळले ते असे: या गाडीत इंजिनची ताकद चाकांपर्यंत तेलातून जाते. तेल कमी पडले तर गिअर घसरतो. तेल बघायची पट्टी, तिला मेकॅनिक लोक गेज म्हणतात, इंजिन गरम आणि चालू असताना काढायची. तेल तिच्यावरच्या दोन खुणांच्या मध्ये असले पाहिजे. मी बघितले. तेल खालच्या खुणेच्याही बोटभर खाली होते. म्हणजे साधारण अर्धा लिटर कमी. एवढे सोपे उत्तर मिळाल्याचा मला फार आनंद झाला. करायच्या कामांची यादी केली, आणि पुढे दौऱ्यांवरही लागेल म्हणून दिल्लीहून मागवलेले लाल तेलाचे लिटर-लिटरचे पाच डबे मागे टाकून शुक्रवारी गाडी स्वतः सोडाला भागातल्या गॅरेजमध्ये नेली.

तिथले उस्ताद जीपगाड्यांचे जुने मेकॅनिक. दाढी पांढरी, हात काळे, बोलणे अगदी अदबीचे. अशी गाडी त्यांनी पाहिली नव्हती, आणि ते त्यांनी लपवले नाही. मी पुस्तक दाखवले, गेज दाखवला, आणि माझ्या त्या वेळच्या हिंदीत सांगितले, "उस्तादजी, गियर का तेल खाली है। डाल दीजिए।"

"खाली है?" त्यांनी विचारले.

"हाँ, खाली है। मैंने खुद देखा।"

"ठीक है मेमसाब। आप पढ़ी-लिखी हैं, आपने देखा है तो सही देखा होगा।"

तुमच्या आईची शाळा सुटायची वेळ झाली होती. ती तेव्हा सात वर्षांची होती. मी रिक्षाने तिला आणायला गेले. तिला घेऊन परत आले तर गाडी तयार होती. यादीतले शेवटचे काम होते, तेल पुन्हा मोजणे. त्यासाठी इंजिन गरम होईपर्यंत थांबावे लागले असते. तुमच्या आईला भूक लागली होती. मी त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली आणि निघाले. न बघता केलेली तेवढी एकच खूण.

घरापर्यंत गाडी छान चालली. शनिवारी दुपारी आजोबा म्हणाले, दौऱ्याआधी एकदा चढावर नेऊन बघू. आमेरच्या बाजूने नाहरगडाला वर जातो तो रस्ता त्यांनी निवडला. मागे तुमची आई शाळेतली कविता म्हणत होती.

तिसऱ्या की चौथ्या वळणावर इंजिन ओरडले. मी वाट पाहिली. धक्का आलाच नाही. आवाज चढत गेला आणि बाहेरचे झुडूप माझ्या खिडकीतून पुढे सरकू लागले. झुडूप पुढे जाते म्हणजे आपण मागे जातो आहोत, हे कळायला मला एक पूर्ण क्षण लागला.

आजोबांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली. पण त्यांचा एकच पाय कामाचा. तो ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर नेला की गाडी पुन्हा मागे. दोनदा तसे झाले. मागे वळण होते आणि वळणाला कठडा नव्हता. हँडब्रेक त्यांनी वर ओढला, तो नुसता कुरकुरला. गिअर पार्किंगवर टाकून बघितला, तोही धरेना, नुसता खालून दाते खरवडल्यासारखा आवाज आला.

"उतर," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता, म्हणून मी जास्त घाबरले. "तिला घेऊन उतर, आणि मागच्या चाकाला दगड लाव."

"अहो, तुम्ही?"

"मी ब्रेक सोडला तर कसं चालेल? जा तू."

मी तुमच्या आईला ओढूनच बाहेर काढले आणि डोंगराच्या बाजूला उभे केले. मग दगड शोधला. दगड लावायचा म्हणजे गाडीच्या मागे जायचे. त्यांचा पाय थकला तर ती माझ्या अंगावर येणार, हे मला स्पष्ट दिसत होते. मी कशी गेले ते आठवत नाही. एवढेच आठवते, की दगड चाकाला लावताना माझ्या हातावर काहीतरी कोमट, लाल ठिबकले.

"आई, गाडीला खून येतोय," तुमची आई ओरडली. चार महिन्यांत तिच्या मराठीत शाळेची हिंदी शिरली होती.

दुसऱ्या चाकालाही दगड लावला, तेव्हा आजोबा उतरले. त्यांचा उजवा पाय मांडीपासून थरथरत होता. ते बॉनेटवर हात टेकून उभे राहिले आणि मला म्हणाले, "तेल गळतंय. सोमवारपर्यंत होईल ना गं नीट?" मला त्यांचा राग आला.

पाऊण तासाने इंजिन थंड झाले आणि गाडीने पुन्हा जोर धरला. कशीबशी वळवून, ब्रेकवर पाय ठेवून, आजोबांनी ती खाली उतरवली. आम्ही दोघी वळणे संपेपर्यंत मागून चालत गेलो. थेट सोडाला गाठले.

उस्तादांच्या दारात इंजिन चालू ठेवून मी गेज काढला. दोन खुणांच्या कितीतरी वर, गुलाबी फेस. ताकावर येतो तसा. जादा तेल आत घुसळून फेस होतो आणि फेसातून ताकद जात नाही, हे पुस्तकात पुढच्याच पानावर होते.

"उस्तादजी, कितना तेल डाला?"

"पाँचों डिब्बे।"

"पाँच? मैंने कहा था खाली है। आधा डिब्बा बहुत था।"

"वही तो, मेमसाब। आपने कहा खाली है, तो मैंने भर दिया। मैंने भी सोचा, खाली गाड़ी चलके आई कैसे। फिर सोचा, विलायती है, आती होगी।"

त्यांचे काही चुकले होते असे त्यांच्या चेहऱ्यावर नव्हते. माझ्याआधी आजोबांच्या लक्षात आले. ते मराठीत हळूच म्हणाले, "अगं, त्यांच्या भाषेत खाली म्हणजे रिकामं."

हा शब्द मी बाजारात रोज ऐकत होते. खाली डब्बा, खाली बोतल. पण बोलायची वेळ आली तेव्हा तोंडून घरचा शब्द गेला, आणि तो हिंदीतही तसाच्या तसा आहे म्हणून मला अडखळायलासुद्धा झाले नाही. इंग्रजी पुस्तक मी अक्षर न् अक्षर समजून घेतले होते. एका मराठी शब्दाने मी माझ्या नवऱ्याला आणि मुलीला दरीच्या काठावर नेले होते.

"गलती मेरी है," मी उस्तादांना म्हणाले. त्यांनी मान खाली घातली. "नहीं मेमसाब, गेज तो मुझे भी देखना था। हम दोनों ने किताब पे छोड़ दिया।"

रविवारी सकाळी त्यांनी हँडब्रेक आवळला आणि जादा तेल काढले. मी गेज धरून उभी. एक पेला काढायचा, इंजिन चालू करायचे, गरम होऊ द्यायचे, बघायचे. या वेळी मी एक शब्द वापरला नाही, नुसते बोट दाखवत होते. तेल दोन खुणांच्या मध्ये आले आणि फेस गेला, तेव्हा दुपार झाली होती.

आजोबा म्हणाले, त्याच चढावर जाऊन बघतो. तुम्ही दोघी इथे थांबा.

तुमच्या आईला मी उस्तादांच्या बायकोपाशी बसवले आणि गाडीत जाऊन बसले. "कशाला?" त्यांनी विचारले.

"दगड कोण लावणार?"

त्या वळणावर त्यांनी मुद्दाम गाडी थांबवली. "सोडतो हं," म्हणाले. मी झुडपाकडे नजर लावून बसले होते. त्यांनी पाय उचलला. झुडूप वीतभर पुढे गेले, थांबले, आणि मग सावकाश मागे पडू लागले.

मला रडू आले नाही की हायसेही वाटले नाही. पुढच्या प्रत्येक वळणावर मला फक्त आवाज ऐकू येत होता. गडाच्या दारापाशी आजोबा म्हणाले, "झालं ना समाधान?"

"नाही," मी म्हणाले. "पण जा तुम्ही."

सोमवारी सकाळी ते गेले. आमच्या घरी फोन नव्हता. दहा दिवस दारावरून जाणारी प्रत्येक गाडी मी कान देऊन ऐकली, आणि अकराव्या दिवशी संध्याकाळी ती कोपऱ्यावर वळायच्या आधीच ओळखली.