तलासरीत वाचलेली फ्रेंच पुस्तकं

२०१४ साली मी डहाणूच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो. चिकूच्या वाडीतला एक बंगला रिकामा होत होता, तिथल्या बाईंनी मला एक फ्रेंच पुस्तक दिलं. तांबड्या कातड्याची बांधणी, कडांना सोनेरी मुलामा, आत लाकडाच्या ठशांची, हाताने रंगवलेली चित्रं. शेवटच्या पानावर शाईने प्रतीचा क्रमांक घातलेला. मोजक्याच प्रती काढल्या होत्या. मला फ्रेंचचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी पुढच्या तीनेक वर्षांत मुंबईच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडून तशीच आणखी सहा जमवली.

वाचणारा माणूस तलासरीला सापडला. ते काका फ्रेंच जहाजांवर वीस वर्षं स्वयंपाकी होते, भाषा तिथेच शिकले. दर रविवारी मी एसटीने त्यांच्याकडे जायचो. ते ओळीवर बोट ठेवून वाचत आणि मराठीत सांगत. चित्रातली बाई दारात कुणाची वाट बघतेय, हे मला तिथे कळलं. सवडीने वाचता यावं म्हणून सातही पुस्तकं मी त्यांच्याच कपाटात ठेवली.

२०१८च्या नोव्हेंबरात भूकंपाचे धक्के सुरू झाले, ते थांबेचनात. काकांच्या घराची भिंत तडकली. घरच्यांनी सामान अंगणात काढलं आणि प्लास्टिकच्या तंबूत राहू लागले. मी पुस्तकं न्यायला गेलो, तर काका म्हणाले, राहू द्या, दिवसभर इथे दुसरं करायचं काय. मला नाही म्हणवलं नाही.

पावसाळ्यात तंबू गळला. मी पोचलो तेव्हा कातडं फुगून बुरशीने पांढरं पडलं होतं, पानं चिकटून त्यांची वीट झाली होती. एक पान सोडवायला गेलो, तर अर्धं चित्र खालच्या पानालाच राहिलं.

काका बाजेवर बसून बघत होते.

"सर, तेव्हाच तुम्हाला नेऊ द्यायला हवी होती."

"तुमची वाचून तरी झाली ना, काका?"

"तीनच झाली."

पुढे त्यांची मुलगी त्यांना वापीला घेऊन गेली. डहाणूच्या बाइंडरने पुस्तकं हातात घेतली आणि परत दिली. म्हणाला, शिवायला काही उरलंच नाही. उन्हात ठेवली तशी ती आणखी वाकली.

दिवाळीत मी वापीला गेलो. काकांनी ओळखलं, चहा सांगितला. गॅलरीत बराच वेळ बसलो. पुस्तकांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.