गुडघ्यात साखर, कॉफीत नाही

मंडळी, आज जयनगरच्या दवाखान्यात माझ्यावर घोर अन्याय झाला. मधुमेह म्हणून मला बिनसाखरेची कॉफी, आणि माझ्या साखरेवर पहारा ठेवणाऱ्या बायकोच्या गुडघ्यात मात्र चक्क साखरेच्या पाण्याचं इंजेक्शन!

"सैल पडलेलं लिगामेंट यानं हळूहळू घट्ट होईल, अक्का. आधी स्वल्प दुखेल, सरी?" कानडी डॉक्टर म्हणाले. त्यांचं 'सरी' म्हणजे आपलं 'ठीक आहे'.

"मग यांच्या जिभेतही एक द्या. तीही सैलच आहे."

रिक्षात मात्र तिने हळूच विचारलं, "दारात रांगोळी काढायला खाली बसता येईल ना हो मला?"

मी गंभीरपणे "तथास्तु" म्हटलं. ती हसली.

तुमच्यापैकी कुणाला या इंजेक्शनाने गुण आलाय का? खरं सांगतो, वर देऊन बसलोय, पण तो फळला नाही तर तिला काय सांगू, याचीच भीती वाटते.