खळ्यातले बूट

नव्या इंद्रायणी तांदळाचा भात शिजायला लागला की अजून माझं डोकं तडकतं. बारा वर्षांपूर्वी आमची सहलीची बस राजगडाखाली गुंजवण्याला थांबली होती. रस्त्याकडेला शेणानं सारवलेलं खळं होतं, त्यात नुकत्याच झोडलेल्या इंद्रायणी भाताची रास. "चला, फोटो मस्त येईल!" म्हणत गाईडनं आम्हाला बुटांसकट खळ्यात घातलं.

खळ्याची मालकीण, एक म्हातारी, धावत आली. "आवो, पायताणं काढा! हितं आमीबी अनवाणीच येतो."

"आजी, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय," गाईड म्हणाला. ती आपल्याच खळ्यातून बाजूला झाली.

त्याच्या तासाभर आधी बसमध्ये हाच माणूस आम्हाला "इथली पवित्र माती कपाळाला लावा" म्हणून सांगत होता! त्याचा संताप येतोच. पण त्या फोटोत राशीला खेटून, बूट घालून हसत उभी आहे, ती मीच.