नवीन नाही, जुनीच

दिवाळी झाली की आमच्या तलासरीकडच्या पाड्यावरची घरं वीटभट्टीवर कामाला जायची. आमचंही जायचं. दाराला कुलूप कुठलं, करवंदीची काटेरी फांदी लावली की झालं. अशाच एका मोसमात पाहणी झाली आणि ग्रामपंचायतीने शेजारच्या काकीचं कुटुंब ‘कायमचे स्थलांतरित’ करून टाकलं. घरकुलाच्या यादीतून नाव गेलं.

काकी समोरच्याचाच शब्द उचलून त्याला परत करते. घराण्यात कॉलेज शिकलेली मी पहिली, म्हणून अर्ज मी लिहिला आणि सोबत पंचायतीत गेले.

ग्रामसेवक म्हणाले, “नवीन रहिवासी म्हणून लिहितो. आजच काम होईल.”

“नवीन? नवीन तुम्ही, भाऊसाहेब! परवा बदलून आलात. मी सून म्हणून आले तवा ही पंचायत कुडाची होती.”

मी कानात म्हटलं, “काकी, घे ना लिहून.”

“आणि माझी पोरं काल आलेली ठरू देऊ?”

नवीन नोंद काकीने घेतलीच नाही; पुढच्या ग्रामसभेत ती उभी राहिली. “माझ्या पोरीच्या लग्नात जेवले त्यांनी हात वर करा!”

सगळ्यांचे हात वर गेले. पंचायतीच्या शिपायाचाही.

ठराव झाला. काकीची नोंद जुन्याच घर क्रमांकावर परत लागली आणि पुढच्या यादीत तिला घरकुल मिळालं.