नंबर टाकलेली झाडं

पेठ रस्त्यानं नाशिक मागं पडलं की डाव्या हाताला एक फाटा लागतो. त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. त्या रस्त्याबद्दल मी एकदा सगळं नीट, मुद्देसूद लिहून दिलं होतं. त्याचं काय झालं, तेच सांगायला बसले आहे.

रस्ता अरुंद होता. दोन्ही कडांना आंबा, करंज, चिंच, जांभूळ. मुळं थेट डांबराखाली शिरलेली. समोरून जीप आली तर दोघांपैकी एकाला साइडपट्टीवर उतरावंच लागायचं, म्हणून तिथं कोणी गाडी पळवायच्या भानगडीत पडत नसे. चढ, उतार, द्राक्षाचा मळा, भाताची खाचरं, परत चढ. रविवारचे सायकलवाले यायचे, फोटो काढायचे, मिसळ खायचे, जायचे. मला तो रस्ता फोटोसाठी नको होता. मला तो अण्णांसाठी हवा होता.

अण्णा म्हणजे माझे वडील. पंचवटीत पाट्या रंगवायचे, दुकानांच्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांच्या. फ्लेक्स आले आणि धंदा बसला. मग काचबिंदूनं उजवा डोळा गेला. आता हे समजून घ्या: आपल्याकडे मागची गाडी उजवीकडून पुढं जाते. म्हणजे जे येतं ते नेमकं त्यांच्या नसलेल्या डोळ्याच्या बाजूनं येतं. मोटारसायकल आम्ही विकली. सायकल काढली की फाट्यापर्यंत मी माझी सायकल त्यांच्या उजव्या अंगाला चिकटून चालवायचे.

"पोलीस बंदोबस्तात निघाल्यासारखं वाटतं," ते करवादायचे. "पुढं काय, बेड्या घालणार का?"

फाट्याला वळलो की मी मुद्दाम मागं राहायचे. ते पुढं, एकटे, शिट्टी वाजवत. आठवड्यातले ते दोन तास त्यांना कोणी हात धरून रस्ता ओलांडून द्यायचं नाही. तेवढंच उरलं होतं त्यांच्याकडे.

मग ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली. रुंदीकरण. 'अडथळा ठरणारी झाडं' काढणार, हरकती असल्यास मुदतीत कळवा. किती झाडं, कुठली, काही नाही. कागद ऊन लागून पिवळा पडला होता आणि मुदत निम्मी संपली होती. नोटिसा लावायची ही रीतच आहे. लोकांनी वाचू नये म्हणून लावतात.

मी पत्रकं वाटत वाढलेली मुलगी. आमच्या चळवळीत पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात: आकड्याशिवाय हरकत म्हणजे रडगाणं. म्हणून मी ठरवलं, प्रत्येक झाड मोजायचं. बुंध्यावर नंबर टाकायचा, जात लिहायची, घेर लिहायचा आणि यादी हरकतीला जोडायची.

"नंबर मी टाकतो," अण्णा म्हणाले.

"दिसेल का?"

"एक डोळा पुरतो अक्षराला. दोन डोळ्यांवाले काय दिवे लावतात ते बघतोय की रोज फ्लेक्सवर."

त्यांनी पांढरा ऑइल पेंट आणला, जुने ब्रश रॉकेलमध्ये भिजवले. मी टेप धरायचे, ते साल खरडून आकडा काढायचे. सातचं शेपूट ते असं ओढायचे, जणू सराफाची पाटी रंगवताहेत. मी घाई करायचे. मी त्यांना रस्त्यापासून लांब, बांधाच्या आतली झाडंही दाखवायचे. "हे पण घ्या अण्णा, हे पण." आकडा जितका मोठा तितकी हरकत भारी, असा माझा हिशेब. वळणापाशी चहाचं दुकान चालवणारी एक बाई आमच्याकडे बघत उभी असायची. एक दिवस म्हणाली, "ताई, झाडं वाचवा, पण रस्ता तरी होऊ द्या ना. माझ्या सुनेला बाळंतपणाला नेली तर जीप खड्ड्यात आपटून आपटून लय हाल झाले तिचे. तुम्ही काय, सावलीत येता नि जाता."

मी तिला पत्रक दिलं. खड्डे बुजवायला झाडं तोडावी लागत नाहीत, हे तोंडानं सांगायला हवं होतं. मी कागद दिला. तिनं त्यात भजी बांधली असतील, आणि बरोबर केलं.

यादी झाली. दोनशेच्या वर झाडं. मी ती बांधकाम खात्याच्या कार्यालयात दिली, पोच घेतली. सुनावणीला तिथल्या साहेबांनी पानं उलटून पाहिली आणि म्हणाले, "किती पद्धतशीर काम केलंय हो! आमच्याकडे तर मोजायला माणसंच नाहीत." मी फुगले. घरी येऊन अण्णांना सांगितलं, "यादीनं गार झाले ते. जिंकतोय आपण."

पुढचे काही रविवार पावसात गेले. नंतर एका रविवारी फाट्याला वळलो आणि कटरचा आवाज आला. अण्णा पुढं होते. ते थांबले नाहीत, पायडल मारतच राहिले, आवाजाच्या दिशेनं. मी ओरडले. आभाळ एकदम मोठं झालं होतं. डावीकडे बुंधे, उजवीकडे बुंधे, मधे फांद्यांचा खच. त्यातही एक आंबा उभा होता, धड, एकटा. त्याला आग्या मोहोळ लागलं होतं म्हणून आम्ही त्याच्या जवळ गेलो नव्हतो, नंबर टाकला नव्हता.

मी तोडणीच्या मुकादमावर धावून गेले. कोणाच्या परवानगीनं? कागद दाखवा! त्यानं शांतपणे प्लास्टिकच्या पिशवीतून आदेश काढला. मागं जोडलेली यादी माझी होती. माझ्या टाइपातली. मी पेनानं खोडून दुरुस्त केलेल्या घेरासकट झेरॉक्स.

"तुम्हीच का त्या मॅडम?" त्याला खरोखर आनंद झाला. "लय उपकार झाले तुमचे. मोजणीचे आठ दिवस वाचले आमचे."

"अहो, ती वाचवायची यादी होती! ते बांधातलं झाड रस्त्यात तरी येत होतं का?"

"ते आपल्याला काय माहीत ताई. नंबर असंल ते पाडायचं, नसंल ते ठेवायचं. एवढंच सांगितलंय."

म्हणजे मी नंबर टाकले नसते तर आतली झाडं राहिली असती. हे वाक्य मी तेव्हापासून सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलंय. ते फिरत नाही.

मी आमच्या लोकांना फोन लावले. या, आत्ता या. ते दुसऱ्या मोर्चात होते. एकजण म्हणाला, फोटो पाठव, पोस्ट टाकतो. मी फोनवर त्याला जे बोलले ते छापण्यासारखं नाही.

ट्रॉलीत ओंडके भरले होते. अण्णा तिच्याजवळ उभे होते. एका ओंडक्यावर त्यांचा आकडा होता, शेपटीसकट. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"पुसताय का काका?" मुकादमानं हसत विचारलं.

"ऑइल पेंट आहे," अण्णा म्हणाले. "जात नाही."

मी दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेले, यादी मागं घेते असा अर्ज घेऊन. कारकुनानं दोनदा वाचला. "बाई, पाडलेल्या झाडांची यादी मागं घेऊन करणार काय तुम्ही?" त्यानंही पाणी विचारलं मला, एवढी माझी अवस्था होती. अर्ज ठेवून घेतला नाही त्यानं. मी बाहेर पायरीवर बसून राहिले. मला भांडता येतं. कोणाशी भांडायचं, ते प्रथमच कळत नव्हतं.

डांबर पडलं. गुळगुळीत, रुंद, मधे पांढरी रेघ. चहावालीची सून आता अर्ध्या तासात नाशिकला पोचते, आणि मी त्याचं वाईट मानणार नाही. पण टोमॅटोचे क्रेट भरलेल्या पिकअप तिथं जशा सुटतात, त्या कोणासाठी थांबत नाहीत.

अण्णा म्हणाले, जाऊन बघू. मी नको म्हटलं. ते म्हणाले, "रस्ताच आहे ना? वाघ आहे का?" गेलो. मी उजवीकडून चालवू लागले तर म्हणाले, "इथं नाही. मागं हो." मी मागं झाले. पहिल्या चढावर एक पिकअप त्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावरून गेली. त्यांना ती गेल्यावर कळली. सायकल हलली, खडीत घसरली, त्यांनी पाय टेकला. पडले नाहीत. उतरले.

मी जवळ गेले. सायकल उभी होती तरी त्यांनी ब्रेक घट्ट दाबून धरला होता.

"परत फिरू," म्हणाले. "पलीकडे जायला लागेल."

पलीकडे जायचं म्हणजे तो सगळा रुंद रस्ता ओलांडायचा. ते रेघेकडे बघत उभे राहिले. मग, आयुष्यात कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"बघ गं. काही येतंय का?"

"येतंय."

एक जीप गेली. तिच्या मागं दोन मोटारसायकली.

"आता?"

"थांबा."

त्यांनी सायकलचं हँडल डाव्या हातात घेतलं आणि उजव्या हातानं माझा दंड धरला.

"आता?"

"येतंय अण्णा," मी म्हणाले. "अजून येतंय."