डॉक्टर बोलले ते मी नानांना सांगितलं नाही

मी रूपालीचा गुन्हेगार आहे. गेल्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या मंगळवारी, दुपारी, जळगावच्या एका दवाखान्यात मी तिचं वाटोळं केलं. ती तिथं नव्हतीसुद्धा. आज सकाळपर्यंत हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मोहिमेतल्या सोबत्यांना नाही, आईला नाही.

रूपाली म्हणजे सुनीलची धाकटी बहीण, धुळ्याला दिलेली. सुनील माझा मित्र. चोपड्याजवळच्या आमच्या गावात तो पाठीवर पंप घेऊन लोकांच्या कपाशीवर फवारणी करायचा. चोविसाव्या वर्षी त्याच्या मेंदूत कॅन्सरची गाठ निघाली. आणि मी? मी फवारणीविरोधी मोहिमेतला. पत्रकं लिहायचो, चौकात ओरडायचो. पट्टी बांधलेल्या डोक्याचा त्याचा फोटो पत्रकावर मीच छापला. खाली ठळक अक्षरांत — ‘फवारणीचा बळी’. लोक थांबून वाचायचे. मला — कसं सांगू — बरं वाटायचं.

त्या मंगळवारी सुनीलच्या वडिलांना, नानांना, डॉक्टरांनी बोलावलं. डॉक्टर दक्षिणेकडचे. त्यांचं इंग्रजीमिश्रित हिंदी नानांना कळेना, नानांची अहिराणी त्यांना. मध्ये मी. शिकलेला, सगळ्यांच्या विश्वासाचा.

डॉक्टर म्हणाले, पेशीत गाठीला आवरणारी जनुकं असतात. पेशी बिघडली की तिला थांबवतात, दुरुस्त करतात, नाही जमलं तर मारून टाकतात. शेताचे राखणदारच म्हणा. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती — एक आईकडून, एक बापाकडून. सुनीलच्या एका मोठ्या राखणदाराची एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली होती. त्याच्या रक्तातही तेच सापडलं. मेंदूतल्या कुठल्यातरी पेशीत दुसरीही गेली, आणि मग त्या पेशीला अडवणारं कुणी उरलं नाही. घरात आणखी कुणाला झालंय का, त्यांनी विचारलं. मी नानांना विचारलं. नानांची बहीण तिशीतच छातीच्या गाठीनं गेली होती. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मग माझ्याकडे बघून, “बहन है ना उसकी? उसको लाओ. जल्दी. उसमें भी हो सकता है.” सापडलं तर तिला वरचेवर तपासत राहू, म्हणाले. गाठ लवकर धरता येते.

“काय म्हने डाक्टर?” नानांनी मला विचारलं.

“फवारनीमुयेच व्हयनं, नाना.”

फवारणीमुळेच झालं, एवढंच. नानांनी मान हलवली.

फवारणी निर्दोष आहे असं डॉक्टर म्हणाले नव्हते. मीही आज म्हणत नाही. पण जे सांगण्यासाठी मला तिथं बसवलं होतं, ते मी गिळलं. का? पत्रकं छापून झाली होती. दोष जन्मापासूनचा म्हटलं की फवारणीच्या औषधांचे दुकानदार आमच्यावर हसले असते. मनाला मी दुसरंच कारण दिलं — घराण्यात खोड आहे असं गावभर झालं तर सासरचे रूपालीला नांदवतील का? खोटं. ते मला गावी परतताना, बसमध्ये सुचलं.

आखाजीला रूपाली माहेरी आली, कडेवर लेक. बाया निंबाला बांधलेल्या झोक्यावर गाणी म्हणत होत्या. ती माझ्याजवळ ओट्यावर बसली, पत्रक वाचलं, डोळे पुसले. मी म्हटलं, तू जप हं स्वतःला. ती हसली.

“आमना घर ना पंप, ना औषध. माले काय व्हनार शे, भाऊ? दे इकडे, धुयाले मी वाटसू.”

तेव्हा तरी तोंड उघडलं का मी? उघडलं — धुळ्यात वाटायला आणखी पत्रकं देऊ का, हे विचारायला.

पोळ्यानंतर सुनील गेला. शोकसभेत माझं भाषण झालं, टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मी त्या घेतल्या.

दिवाळीत रूपालीच्या छातीत गाठ हाताला लागली. लेक अंगावर पीत होती. दुधाची गाठ असेल म्हणून ती शेकत राहिली. तिनं का घाबरावं? फवारणी तिच्यापासून लांब होती ना. संक्रांतीनंतर तपासलं, तेव्हा दुखणं हाडांत उतरलं होतं.

आज सकाळी धुळ्याच्या दवाखान्यात, तिच्या खाटेपाशी, मी सगळं सांगितलं. नाना ऐकून उठले आणि बाहेर गेले. शिवी नाही, हात उगारला नाही. केस गेलेल्या डोक्यावरचा पदर रूपालीनं पुढं ओढला. मला वाटलं, थुंकेल. तिनं फक्त लेकीचं विचारलं —

“मंग मनी पोर?”

मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. खालच्या टपरीवर जाऊन मी चहा घेतला, आणि त्यात साखर कमी आहे हे मला कळलं. असा आहे मी.

पोरीला तपासायला नेणार आहेत. सोबत मी नको, असा नानांनी निरोप धाडला. बरोबर आहे.

माफी मागत नाही. माझ्याबद्दल काय वाटतं ते तुमच्यापाशी राहू द्या. पण तुमच्या रक्तातली माणसं ऐन तारुण्यात कॅन्सरनं गेली असतील — एकाचा मेंदू, एकीची छाती, वेगवेगळं का असेना — तर ते सगळं डॉक्टरांना सांगा. आत्याचं सांगा, मामाचं सांगा. आणि तुमच्या नि डॉक्टरांच्या मध्ये कुणी माझ्यासारखा बसला असेल, तर त्याला उठवा. डॉक्टरांना म्हणा, पुन्हा सांगा. कळेपर्यंत खुर्ची सोडू नका.