दश्शीची किंमत शून्य

माझ्या लेकीला परीक्षेत नापास केलं, ते ती गप्प बसते म्हणून. आता बोला! याच गप्पपणासाठी अख्ख्या तेलगावानं तिचं कौतुक केलेलं. पोरगी कशी, गाईसारखी. मला तेव्हाही राग यायचा.

परीक्षा होती पत्त्यांचा डाव चालवायची. मोठ्या जहाजांवर कॅसिनो असतात, तिथं टेबलामागं उभं राहून पत्ते वाटणारी माणसं लागतात. त्याचं शिक्षण तिनं पुण्यात घेतलं होतं. खेळ फ्रान्सचा, नाव बाकारा. परीक्षा घेणारे साहेब तिला म्हणाले, "तुमचा हात साफ आहे, हिशोब पक्का आहे. पण गिऱ्हाईक टेबलावर चढून बसलं तरी तुम्ही तोंड उघडणार नाही. आणखी एकदा संधी देतो, ती शेवटची. घरूनच मोबाइलवर घेऊ. टेबलाला तीन माणसं बसवा."

ती घरी आली ती तोंड एवढंसं करून. मी म्हटलं, "रडू नको. मला शिकव तो खेळ. भांडखोर गिऱ्हाईक व्हायला मला काय कुणाकडं शिकवणी लावायची न्हाई."

मी शिवणकाम करते. माझं कापड बेतायचं टेबल आम्ही रिकामं केलं, त्यावर हिरवं अस्तर ताणून बसवलं आणि पैशाच्या जागी ब्लाउजच्या गुंड्या लावायला घेतल्या. मी, आमचे हे, आणि शेजारचे ट्रॅक्टर दुरुस्त करणारे चाचा, असे आम्ही तिघं गिऱ्हाईक. चाचांनी आधीच सांगून टाकलं, "पैशाचं असंल तर मी उठलो, भाभी. गुंड्यांचं असंल तर रात पडंपर्यंत बसतो."

खेळ वरवर सोपा. टेबलावर दोनच बाजू, एक प्लेअर, एक बँक. दोन्हीकडं दोन-दोन पत्ते पडतात आणि नवाच्या जवळ जो जाईल तो जिंकला. कोण जिंकणार त्यावर आपण गुंडी लावायची, बस. बेरीज मात्र वाकडी. सात आणि आठ पंधरा, तर म्हणे पाच धरायचे. मी म्हटलं, "अन् दहा कुठं गेले? कुणी खाल्ले?" लेक हसली. किती दिवसांनी हसली! ती म्हणाली, "आई, इथं दहा सोडून द्यायचे. राजा, राणी, गुलाम, दश्शी, सगळे शून्य."

दश्शी शून्य! चाचांनी कपाळाला हात लावला. कारण हे आणि चाचा जन्माचे मेंढीकोटवाले. त्या खेळात चार दश्श्या म्हणजेच सगळं. त्यांनाच मेंढी म्हणतात, आणि दश्शी असलेला हात जिंकला की ती ओढून आपल्यापुढं उघडी मांडायची, सगळ्यांना दिसंल अशी. आमच्या ह्यांची तर हौस अशी की पकडलेली मेंढी एखाद्या पाहुण्यासारखी मिरवतील. "दश्शीला किंमत न्हाई, हा कसला खेळ बे?" ते चाचांना म्हणाले.

मी मात्र शिकले. मशीनवर पाय चालू असायचा आणि तोंडानं घोकणं. प्लेअरकडं पाच किंवा कमी असले तर तिसरा पत्ता, सहा-सात असले तर थांब. बँकेकडं तीन असले आणि प्लेअरला तिसरा पत्ता आठ आला तर बँकेनं घ्यायचा न्हाई, बाकी काहीही आलं तरी घ्यायचा. शाळेत पाढे पाठ होईनात म्हणून मार खाल्लेली मी, पण हे सगळं मला पाठ झालं. कुणी आजही विचारावं, झोपेतून उठवून विचारावं. मला त्याचा लई अभिमान हाय, का नसावा?

आणि भांडले तर काय भांडले! टेबलावर हात आपटायचा. "मला हा पत्ता नको, बदलून दे! कावून देत न्हाई?" पहिल्यांदा लेक हसायची, मग गांगरायची. हळूहळू तिचा आवाज पक्का झाला. "मॅडम, पत्ता बदलता येणार नाही. पुढच्या डावाला लावा." मी आणखी चढायचे, ती तसूभर हलायची न्हाई. माझ्यापुढं ती तयार झाली.

बापापुढं न्हाई. टेबलावर दश्शी पडली की ह्यांचा हात आपोआप जायचा आणि पत्ता ओढून आपल्यापुढं मांडायचा. कॅसिनोत गिऱ्हाइकानं पत्त्याला बोट लावायचं नसतं. पण ती गप्प उभी राहायची, अप्पांच्या ध्यानात येईपर्यंत. मी ओरडले, "अगं बोल की!" तर म्हणाली, "अप्पांना कसं बोलू?" तिचंही खरंच होतं. आमच्या घरात ह्यांना मधेच कुणी अडवलेलं न्हाई. मी अडवते, पण माझं ते ऐकतात कुठं!

मी ह्यांना म्हटलं, परीक्षेला तुमी बसू नका. फुगून बसले. "माझ्या पोरीची परीक्षा अन् मीच न्हाई?" ऐनवेळी ह्यांच्या जागी दुसरं माणूस तरी कुठून आणणार, पत्ते म्हटलं की लोक तोंड फिरवतात. शेवटी ह्यांनी शब्द दिला, "हात मांडीखाली दाबून बसतो. मग तर झालं?"

दुपारी मोबाइल स्टँडला लावला. साहेबांना टेबल आणि आमचे हात तेवढे दिसत होते. मी ठरल्याप्रमाणं कटकट केली, लेकीनं मला नीट गप्प केलं. सगळं छान चाललं होतं. मग एक डाव आला. प्लेअरकडं राजा आणि चौकी, म्हणजे चार. बँकेकडं गुलाम आणि छक्की, सहा. ह्यांनी गुंड्या बँकेवर लावलेल्या. प्लेअरला तिसरा पत्ता आला, बदामची दश्शी. चार ते चारच. बँक जिंकली.

आणि गेला की हो हात! मांडीखालून निघाला, दश्शी ओढली आणि आपल्यापुढं उघडी मांडली. वरून चाचा म्हणतात, "वा!" मेलं, संपलं सगळं, असंच वाटलं. लेकीकडं बघायची मला हिंमत होईना.

"हात मागं घ्या, सर."

आवाज मोठा नव्हता. पण मी तो आवाज तिचा म्हणून कधी ऐकला नव्हता. ह्यांनी वर बघितलं. ती बापाच्या डोळ्यात डोळे घालून उभी होती, दोन्ही तळवे टेबलावर, एक पापणी हलत न्हाई. "पत्त्याला हात लावायचा नाही, सर. डाव थांबलाय. तुम्ही हात मागं घेतल्याशिवाय पुढं जाणार नाही."

मला वाटलं आता हे उठतात. ह्यांनी हात मागं घेतला. आणि बारीक आवाजात म्हणाले, "सॉरी, म्याडम."

देवा! माझ्या उभ्या संसारात हा शब्द मला मिळाला न्हाई. तिनं दश्शी उचलून जागेवर ठेवली, "प्लेअर चार, बँक सहा, बँक जिंकली," म्हणाली, आणि ह्यांच्या गुंड्या मोजून दिल्या, इतर गिऱ्हाइकांना देते तशाच.

शेवटी साहेबांनी विचारलं, "तो दांडगा माणूस तुम्ही मुद्दाम बसवला होता का?" ती म्हणाली, "नाही सर, ते माझे वडील आहेत." साहेब म्हणाले, "सामान भरा." ह्यांनी तोंड फिरवून उपरण्यानं डोळे पुसले, आणि मी तर सरळ रडलेच, लपवायचं कशाला.

तिला मुंबईच्या गाडीत बसवायला आम्ही मांजरसुंब्यापर्यंत गेलो. ढाब्यावर चहा घेताना शेजारच्या बाकड्यावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, पोरगी कुठं निघाली. ह्यांनी सांगितलं, जहाजावर, पत्त्याचं टेबल चालवायला. म्हातारा म्हणाला, "एकटी पोर, तिथं माणसं दांडगाई करायची की वो."

"करू द्या की," हे म्हणाले. "तिच्या टेबलावर सख्ख्या बापाचं चाललं न्हाई."